घरी कोणती भाषा बोलता?

न्यू जर्सीतून एका आईचं पत्र आलं आहे. नवऱ्याच्या कंपनीनं बदली केली म्हणून हे चौकोनी कुटुंब जानेवारीत नाशिकहून तिकडे गेलं. मुलगी आठ वर्षांची. नाशिकला इंग्रजी माध्यमात तिसरीत होती, कायम पहिल्या पाचात. तिथल्या सरकारी शाळेत नाव घालताना फॉर्मवर विचारलं होतं, घरी कोणती भाषा बोलता? आईनं खरं ते लिहिलं, मराठी. चार दिवसांत मुलीची इंग्रजीची चाचणी झाली आणि पाठोपाठ पत्र आलं की तुमची मुलगी 'इंग्लिश लर्नर' आहे, तिला रोज ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याच्या, तासाला नेलं जाईल. नवरा चिडला. इतकी वर्षं इंग्रजी माध्यमाची फी भरली ती काय उगाच? नकार देऊन टाकू, असं त्याचं म्हणणं. टेक्सासला बारा वर्षं राहणारी नणंद म्हणाली, "वहिनी, त्या फॉर्मवर इंग्लिश लिहायचं असतं, एवढंही माहीत नव्हतं?" आता धाकटा मुलगा सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल. त्याचा फॉर्म लॅपटॉपवर अर्धा भरून ठेवला आहे आणि भाषेच्या रकान्यापाशी आई अडली आहे. मुलगी आठवड्यातून दोन दिवस रडत घरी येते. आई विचारते: मुलीसाठी नकाराची सही करू का, मुलाच्या फॉर्मवर काय लिहू, आणि घरात मराठी बंद करून इंग्रजी सुरू करू का?

*

तुमच्या पत्रात 'शिक्का' हा शब्द नऊ वेळा आला आहे. मी मोजले. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे: "ती म्हणते, ड्रॉइंग असतं तेव्हाच मला नेतात."

मला वाटतं तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. तुम्ही धरून चाललात की मुलगी शिक्क्यामुळे रडते. तिनं तर कारण सांगितलंय. तिचा चित्रकलेचा तास जातो. आठ वर्षांच्या मुलीला नव्या देशात, नव्या वर्गात, जिथे तोंड उघडलं की चार जणं वळून बघतात, तिथे जो एक तास बोलल्याशिवाय पार पडतो आणि ज्यात ती इतरांच्या बरोबरीची असते, नेमका तोच काढून घेतला. मी तिच्या जागी असते तर मीही रडले असते. आठवड्यातून दोनच दिवस का रडते, तेही मग आपोआप कळतं. तिकडच्या प्राथमिक शाळांत चित्रकला रोज नसते.

हे दुखणं सुटण्यासारखं आहे, आणि त्यासाठी नकाराची सही लागत नाही. वेळापत्रक बदलून मागावं लागतं. भाषेची मदत देताना मुलाला चित्रकला, संगीत, खेळ यांपासून तोडू नये हे तिथल्या शाळांनाही मान्य असतं. पण ईएसएलच्या बाई एक आणि इयत्ता पाच, म्हणून जिथे जागा दिसेल तिथे मुलं कोंबली जातात. मी न्यू जर्सीतल्या एका प्राथमिक शाळेत बारा वर्षं अशाच बाईंची मदतनीस होते. दर सप्टेंबरला त्या आणि मी जमिनीवर बसून रंगीत चिठ्ठ्या सरकवत वेळापत्रक जुळवायचो. जानेवारीत आलेलं मूल त्या चिठ्ठ्यांमध्ये मागून घुसवलं जातं आणि मिळेल त्या फटीत बसतं. आईवडिलांनी विचारलं की चिठ्ठी हलते. न विचारणाऱ्यांची जूनपर्यंत तिथेच राहते.

आता शिक्क्याकडे येते. तो तुम्हाला एवढा का टोचतोय हे मला कळतं. आपल्याकडे वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेणं म्हणजे 'ढ' ठरणं. शिवाय इंग्रजी. आपण मध्यमवर्गीय मराठी माणसांनी इंग्रजीला भाषा कमी आणि प्रमाणपत्र जास्त मानलंय. मुलीला इंग्रजी पुरेसं येत नाही असं कुणी म्हटलं की ते आपल्या निर्णयांवर, आपण भरलेल्या फीवर, थोडंसं आपल्या स्वतःच्या इंग्रजीवरही बोललं जातं. तुम्ही पत्रात लिहिलंय की शाळेतून फोन आला तर तो तुम्ही नवऱ्याकडे देता. त्या एका ओळीत लपलेली भीती मुलीच्या पारड्यात टाकू नका, इतकंच सांगते. तुमची भीती खरी आहे, पण ती तुमची आहे.

मी मूळची सोलापूरची. पूर्व भागात विणकरांची वस्ती, बऱ्याच घरांत तेलुगू. आमच्या मराठी शाळेत माझ्या शेजारी बाकावर बसणारी मुलगी तसल्याच घरातली. बाई शिकवायच्या तेव्हा ती फळ्याकडे बघून छान मान डोलवायची. सगळ्यांना वाटायचं हिला कळतंय. सहामाहीच्या पेपरात तिनं उत्तरांच्या जागी प्रश्नच उतरवून ठेवले होते, मोत्यासारख्या अक्षरात. पुढच्या वर्षी ती मागच्या बाकावर गेली आणि त्यानंतर दिसलीच नाही. तिच्या घरी कोणती भाषा बोलतात हे शाळेनं कधी कागदावर विचारलं नव्हतं. विचारायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

तुमच्यापुढे आलेला तो कागद, होम लँग्वेज सर्व्हे, याच कारणासाठी असतो. त्यामागे 1974 सालचा एक खटला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत इंग्रजी न येणारी सुमारे 1,800 चिनी मुलं कसलीही जादा मदत नसताना वर्गात बसवलेली होती. शहराचं म्हणणं, आम्ही सगळ्यांना सारखीच पुस्तकं, सारखेच शिक्षक देतो. लाऊ विरुद्ध निकल्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्याला शिकवण्याची भाषाच कळत नाही त्याला सारखं पुस्तक देऊन समान वागणूक दिली असं होत नाही. त्याला आधार होता 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा. निकालाच्याच वर्षी, 1974 मध्ये, समान शैक्षणिक संधीचा कायदाही झाला आणि भाषेचा अडसर दूर करायची जबाबदारी शाळांवर आली. सरकारं बदलतात तशी मार्गदर्शक पत्रकं येतात आणि जातात, पण हा निकाल आणि हे कायदे जागेवर आहेत. तुमच्या मुलीला मिळालेल्या पत्राला तुम्ही शिक्का म्हणता. चिनी आईबापांनी त्यासाठी कोर्टात जाऊन भांडण केलं होतं.

तुमच्या यजमानांचा मुद्दा रास्त आहे, तो असाच झटकून टाकणार नाही. मुलगी इंग्रजी माध्यमातली आहे, मग तिला इंग्रजी येत नाही असं कसं? येतंच. प्रश्न कुठलं इंग्रजी येतं एवढाच आहे. जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकानं 1979 मध्ये एक फरक मांडला, तो अजून शिक्षकांच्या बोलण्यात रोज असतो. मधल्या सुट्टीतली भाषा आणि पुस्तकातली भाषा. पहिली मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. दुसरी बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तुमच्या मुलीला आपल्याकडचं शाळेतलं इंग्रजी येतं: प्रश्नोत्तरं, रिकाम्या जागा, पाठ केलेला निबंध. तिकडच्या तिसरीत तिला न पाहिलेला उतारा वाचून 'लेखकाला असं का वाटतं, उताऱ्यातला पुरावा दे' असं विचारतील. गणितात गुणाकार ती डोळे मिटून करेल, पण 'हाऊ मेनी फ्यूअर' म्हणजे वजाबाकी आहे हे कळेपर्यंत बाकीच्यांचं उदाहरण सोडवून झालेलं असेल. समाजशास्त्रात न्यू जर्सीच्या मूळ रहिवासी लेनापे लोकांचा धडा येईल, आणि त्यातला निम्मा शब्दसाठा तिच्या कानावरून कधी गेलेलाच नसेल. वर रबर मागितलं तर कुणी देणार नाही, कारण तिथे ते इरेझर. यात नाशिकच्या शाळेची चूक नाही आणि तुमच्या फीचीही नाही.

चाचणीचा कागद तुम्ही पाहिलात का? पत्रात फक्त 'लेव्हल कमी आली' एवढंच आहे. न्यू जर्सीसह चाळीसेक राज्यं आणि प्रदेश 'विडा' नावाच्या एकाच संघाच्या चाचण्या वापरतात. त्याचं कार्यालय विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला आहे. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग असतात आणि पातळ्या एक ते सहा. आपण पालक एकूण आकडा बघतो आणि कपाळाला हात लावतो. तसं करू नका. चारही ओळी वेगवेगळ्या बघा. भारतातून आलेल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं मी बहुधा असं पाहिलंय: वाचन ठीक, लिखाण मागे, बोलणं येत असूनही पहिल्या दिवशी घशात अडकलेलं. चाचणी देताना ती तिथे येऊन चार दिवस झाले होते. हेडफोन लावून अनोळखी उच्चार ऐकणं, अनोळखी बाईंसमोर बोलणं. आकडा थोडा खाली आला असणारच. पण म्हणून तो खोटाही नाही.

आता नकार. पालकांना नकार द्यायचा हक्क आहे, केंद्रीय कायद्यानं दिलेला. शाळेनंही तुम्हाला नीट कळवायला हवं: मुलीला का निवडलं, तिची पातळी काय, कोणत्या पद्धतीनं शिकवणार, कोणते पर्याय आहेत, यातून बाहेर पडायचं कधी आणि कसं. शाळा सुरू होताना असलेल्या मुलांसाठी 30 दिवसांत आणि मधेच आलेल्यांसाठी दोन आठवड्यांत हे पत्र यायला हवं. ते मिळालं असेल तर पुन्हा काढून वाचा. मिळालं नसेल तर मागा.

पण नकार दिल्यानं नेमकं काय जातं आणि काय राहतं, हे कुणी सांगत नाही. जातो तो ईएसएलचा तास. 'इंग्लिश लर्नर' ही नोंद जात नाही. चाचणीत ठरलेल्या पातळीपर्यंत पोचेपर्यंत ती नोंद राहते, आणि दर वर्षी होणारी भाषेची परीक्षाही (विडाच्या राज्यांत तिचं नाव ॲक्सेस) तिला द्यावीच लागते. म्हणजे ज्या शिक्क्याला तुम्ही घाबरता तो तसाच, आणि तो लवकर पुसायला जी मदत होती ती मात्र गेली. तुमच्या यजमानांना एवढं एकच सांगा. मी बारा वर्षांत कितीतरी बाबांना हे सांगितलंय. बहुतेकांचा चेहरा तिथेच उतरतो.

तरीही नकार कधीच देऊ नये असं मी म्हणणार नाही. मूल पातळीच्या अगदी काठावर असेल, वर्गशिक्षिका चांगली असेल, आणि ईएसएलचा तास म्हणजे कोपऱ्यात बसून झेरॉक्सचे कागद भरणं एवढाच असेल, तर मी स्वतः नकार दिला असता. असे तास असतात, मी पाहिलेत. 1981 मध्ये कास्तान्येदा विरुद्ध पिकार्ड या खटल्यात अपील न्यायालयानं शाळांचा भाषा-कार्यक्रम कसा जोखायचा याच्या तीन कसोट्या घालून दिल्या. कार्यक्रमाच्या मागे काही जाणकारांनी मान्य केलेला विचार आहे का, तो राबवायला माणसं आणि साधनं खरोखर दिलीत का, आणि काही काळानं त्याचा परिणाम दिसतो का. हे वकिली वाटतं, पण पालकसभेत विचारायचे प्रश्न हेच. तासाला काय शिकवता? कोण शिकवतं, त्यांच्याकडे ईएसएलचं प्रमाणपत्र आहे का, एका वेळी किती मुलं असतात? मागच्या वर्षीच्या मुलांपैकी किती बाहेर पडली? उत्तरं ऐकून तुम्हीच ठरवू शकाल. आणि नकार दिला तरी नंतर मदत हवी म्हणून परत मागता येते.

आणखी एक विचारा. मुलीला वर्गाबाहेर नेण्याऐवजी ईएसएलच्या बाई वर्गात येऊन तिच्याजवळ बसतात का? दोन्ही पद्धती चालतात. बाहेर नेण्याचा फायदा असा की पाच-सहा मुलांत लाजाळू मूल तोंड उघडतं. आत येण्याचा फायदा असा की काही चुकत नाही आणि कुणाच्या नजरेत येत नाही. आठवड्यातले काही तास असे आणि काही तसे, हेही होऊ शकतं. न्यू जर्सीत एखाद्या शाळामंडळात (तिकडे त्याला डिस्ट्रिक्ट म्हणतात, आपला जिल्हा नव्हे, कधीकधी एका गावापुरतंच असतं) एका भाषेची 20 किंवा जास्त इंग्लिश लर्नर मुलं असली तर त्या भाषेतून मदतीचा, म्हणजे द्विभाषिक कार्यक्रमाचा नियम लागू होतो. स्पॅनिशला तो सहज लागतो. मराठीला आकडा क्वचितच जमतो, एक कारण असं की आपल्यातले बरेच जण नणंदबाईंचं ऐकतात.

त्या फॉर्मबद्दलच आता. तुमच्या नणंदेनं वाईट हेतूनं सांगितलं नसणार. बारा वर्षांपूर्वी तिला कुणीतरी तेच सांगितलं असेल. पण जरा पुढचा विचार करा. धाकट्याच्या फॉर्मवर तुम्ही 'इंग्लिश' लिहिलंत. चाचणी झाली नाही, पत्र आलं नाही, घरात शांतता. सप्टेंबरात तो वर्गात बसला. बाई म्हणाल्या, गोल करून बसा, तो उभाच. गोष्ट सांगितली, तो खिडकीबाहेर बघतोय. बाईंच्या हातातल्या कागदावर लिहिलंय की या मुलाच्या घरी इंग्रजीच बोलतात. मग त्या काय समजणार? कान तपासा म्हणतील. लक्ष लागत नाही म्हणतील. ऑक्टोबरात वाचादोषाच्या तज्ज्ञाकडे पाठवतील. असा एक मुलगा मी जवळून पाहिलाय. गुजराती घरातला, फॉर्मवर इंग्लिश. त्याच्या आईनं डिसेंबरात रडत रडत खरं सांगितलं, आणि जानेवारीत तो आमच्या खोलीत आला. चार महिने त्याच्या फाइलमध्ये भलत्याच शंका लिहिल्या जात होत्या. भाषेच्या शिक्क्याला घाबरून तुम्ही त्याहून मोठ्या शिक्क्याला दार उघडं ठेवता.

म्हणून धाकट्याच्या फॉर्मवर मराठी लिहा. आधी शिकलेली भाषा, घरी जास्त बोलली जाणारी भाषा, मूल ज्या भाषेत बोलतं ती, असे दोन-तीन प्रश्न असतील. प्रत्येकाचं जे खरं असेल ते. कार्टून बघून तो इंग्रजीही बोलत असेल तर तेही लिहा. किंडरगार्टनला येणाऱ्या मुलांची चाचणी लहान असते, बरीचशी ऐकण्याबोलण्याची. त्यात पास झाला तर प्रश्नच मिटला. नाही झाला तर पाच वर्षांचं पोर, सगळा वर्गच तेव्हा अक्षरं शिकत असतो. ती मुलं बहुधा लवकर बाहेर पडतात.

बाकी दोन अफवा, तुम्ही विचारलेल्या नाहीत पण नणंदेकडून येतीलच. ईएसएलची नोंद कॉलेजला अडते, ही पहिली. कॉलेज हायस्कूलची चार वर्षं बघतं, तिसरीतला तास कुणी बघत नाही. दुसरी, शाळेच्या फॉर्मवर भाषा लिहिली की ती व्हिसाच्या कागदांत जाते. सरकारी शाळेत नाव घालायला व्हिसाच लागत नाही. 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालानं ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत अशा मुलांनाही शाळेचं दार उघडं ठेवलं. राहत्या पत्त्याचा पुरावा, जन्मतारीख आणि लसीकरणाचा कागद, एवढ्यावर काम होतं. हा फॉर्म भाषेची मदत ठरवण्यासाठी आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडेल. घरात मराठी बंद करू नका. मुळीच नको. तुम्ही पत्रात प्रामाणिकपणे लिहिलंय की तुम्हाला इंग्रजी बोलताना शब्द शोधावे लागतात. मग मुलीला घरी काय ऐकायला मिळेल? चाचपडत बोललेली, तोकडी वाक्यं. 'ईट युअर फूड', 'डू युअर होमवर्क', संपलं. मराठीत मात्र तुम्ही तिला आजोळच्या विहिरीची गोष्ट सांगू शकता, सिलिंडर संपल्यावर काय काय करावं लागलं ते सांगू शकता, तिनं उलट प्रश्न विचारला की वाद घालू शकता. कारण सांगणं, आधी काय आणि मग काय ते लावणं, 'असं झालं असतं तर' असा विचार करणं, हे सगळं मूल एका भाषेत शिकलं की दुसरीत नेतं. तिनं ते मराठीत कमावलेलं असेल तर इंग्रजीत तिला फक्त शब्द हवे असतात.

शिवाय तिला देवनागरी वाचता येते. महाराष्ट्रात 2020 पासून सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे नाशिकच्या इंग्रजी शाळेतही ती बाराखडी गिरवून गेली आहे. हे गमावू नका. रात्री दहा मिनिटं मराठी गोष्ट तिनं तुम्हाला वाचून दाखवायची, आणि दिवसा शाळेत वाचलेली इंग्रजी गोष्ट मराठीत सांगायची. शेवटचं हे करून बघाच. पुस्तक तिला कळलंय का, हे तुम्हाला इंग्रजी न बोलता तपासता येईल. गावात मराठी शाळा भरत असेल तर चौकशी करा. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे तिकडच्या मराठी मंडळांच्या संस्थेशी, जोडलेल्या शाळा रविवारी बऱ्याच ठिकाणी चालतात. आणि एक आतली गंमत सांगते. हीच मुलगी हायस्कूल संपवताना इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेत प्रावीण्य दाखवू शकली तर तिच्या हायस्कूलच्या प्रमाणपत्रावर 'सील ऑफ बायलिटरसी' (दोन भाषा लिहितावाचता येण्याची) नावाची मोहर मिळते. कॅलिफोर्नियानं 2011 मध्ये कायदा करून ती सुरू केली, आता न्यू जर्सीतही आहे. तिथे शिक्का हवाहवासा असतो.

यजमान घरी तिच्याशी इंग्रजीत बोलणारच असतील तर बोलू द्या, त्यावरून वाद नको. तुम्ही मराठी बोला.

शाळेशी बोलायचं कसं, हे राहिलं. फोनवर नको, ईमेल करा. लिहायला वेळ मिळतो आणि लेखी राहतं. वर्गशिक्षिका आणि ईएसएलच्या बाई दोघींना एकच. चार ओळी पुरेत: मुलगी मदत घेत आहे त्याबद्दल आभार, तिचा चित्रकलेचा तास चुकतो, त्यानं ती फार नाराज आहे, वेळ बदलता येईल का, चाचणीचा चारही भागांचा निकाल पाहायचा आहे, भेटायची वेळ द्या आणि भेटीला मराठी दुभाषा हवा. हे शेवटचं लिहायला तुम्ही कचरणार, म्हणून जोर देऊन सांगते. पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं हे शाळेचं काम आहे. दुभाषा बहुधा फोनवरून जोडून देतात, त्याचे पैसे तुम्हाला द्यायचे नसतात. मुलीला मधे बसवून 'बाई काय म्हणतात ते सांग' असं करू नका. आठ वर्षांच्या मुलीनं स्वतःच्याच अडचणीचं भाषांतर करावं हा तिच्यावर अन्याय आहे. आणि या भेटीला तुम्ही जा. यजमान आले तर उत्तम, पण फोन त्यांच्याकडे द्यायची सवय इथे मोडा. मुलगी रोज दुपारी तुमच्यापाशी रडते, तिचं दुःख तुम्हाला ठाऊक आहे.

वर्षअखेरीच्या राज्याच्या परीक्षेचंही त्याच भेटीत विचारून घ्या. तिसरीपासून ती सुरू होते. देशात येऊन बारा महिने न झालेल्या इंग्लिश लर्नर मुलांना भाषेच्या पेपरातून एकदा सूट देण्याची मुभा केंद्रीय कायद्यानं राज्यांना दिली आहे, आणि जो पेपर द्यावा लागतो त्यातही जादा वेळ, शब्दकोश अशा सवलती असतात. मात्र त्या तिच्या नोंदीवर टिपलेल्या असाव्या लागतात. 'इंग्लिश लर्नर' या नोंदीचा असाही उपयोग होतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक-दोन गोष्टी. तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर दर वर्षीच्या भाषेच्या परीक्षेचं नाव एल्पॅक, टेक्सासात टेल्पास, न्यू यॉर्कमध्ये निसेसलॅट. नावं वेगळी, पालकांचे हक्क तेच. मूल या कार्यक्रमातून बाहेर पडलं की विषय संपला असं मानू नका. पुढची निदान दोन वर्षं शाळेनं त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं, आणि ते मागे पडलं तर परत मदत मिळते. आणि तुमचं मूल पंधरा-सोळा वर्षांचं असेल तर माझं वरचं अर्धं धीराचं बोलणं तुम्हाला लागू नाही. त्याच्याकडे पाच-सात वर्षं नसतात. पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरला गाठा, ईएसएलच्या तासाचे क्रेडिट हायस्कूल पूर्ण करण्यासाठी धरले जातात का आणि भारतातल्या नववी-दहावीचे गुण किती मान्य होतात हे लेखी घ्या. तिथे एक सत्र वाया गेलं की भरून काढणं कठीण जातं.

तुमचं मात्र तसं नाही. तिच्याकडे वेळ आहे. नकाराची सही सध्या बाजूला ठेवा, जूनपर्यंत थांबा, वेळ बदलल्यावर ती कशी रमते ते बघा. धाकट्याच्या रकान्यात मराठी लिहून फॉर्म आजच पाठवून द्या. आणि ईमेल लिहायला बसण्याआधी चित्रकला कोणत्या वारी, किती वाजता असते ते तिलाच विचारून घ्या. तिला तोंडपाठ असणार.